आज्ञावलीचा सांगाडा : यंत्राचे काम आणि माणसाची जबाबदारी

(ओतूर येथे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



 आजचा विषय काहीसा तांत्रिक आहे. संगणकाच्या एका भाषेला दुसऱ्या भाषेतील आज्ञावलीची जोड देताना जो सांगाडा उभारावा लागतो, तो यंत्राकडूनच कसा तयार करवून घेता येतो आणि त्यानंतर माणसाकडे कोणते काम उरते, हे मला सांगावयाचे आहे.

प्रथम ही जोड हवी कशासाठी, ते पाहू. आपणांपैकी बहुतेकांनी पायथन ही भाषा शिकावयास घेतली असेल. ती वाचण्यास सुबोध आणि लिहिण्यास सोपी आहे. परंतु कोट्यवधी आकड्यांवर तीच ती क्रिया पुनःपुन्हा करावयाची झाली, तर ती सी भाषेच्या मानाने अनेक पटींनी मंद ठरते. सी भाषा वेगवान खरी, पण तिच्यात लहानसहान गोष्टींचीही तजवीज स्वतः करावी लागते. म्हणून जाणकारांनी मधला मार्ग काढला. कष्टाचा भाग सी भाषेत लिहावयाचा आणि त्यावर हुकमत पायथनमधून चालवावयाची. या दोहोंना जोडणाऱ्या भागास ‘एक्स्टेन्शन मॉड्यूल’ म्हणतात. आपण त्यास विस्तार-घटक म्हणू.

याचे उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. याच जुन्नर तालुक्यात, खोडद येथे, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर, अशी तिची मांडणी आहे. आकाशातील स्पंदक ताऱ्यांचे, म्हणजे पल्सारांचे, अतिक्षीण ठोके शोधणे हे तिच्या अनेक कामांपैकी एक काम होय. अशा शोधासाठी जगभर वापरला जाणारा ‘प्रेस्टो’ हा आज्ञावली-संच अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ स्कॉट रॅन्सम यांनी लिहिला. जीएमआरटीच्या निरीक्षणांतून नवे स्पंदक शोधतानाही त्याचा उपयोग झालेला आहे. या संचातील जड गणित सी भाषेत आहे, वरची पुष्कळशी साधने पायथनमध्ये आहेत, आणि दोहोंमधील दुवा ‘स्विग’ नावाच्या साधनाने तयार केलेला आहे. हा दुवा म्हणजेच आपला आजचा विषय.

आता हा दुवा आतून कसा असतो, ते पाहू. समजा, ओतूरच्या बाजारातील कांद्याची पट्टी करण्यासाठी आपण सी भाषेत एक लहानसे फलन लिहिले. वजन आणि भाव द्यावयाचा, रक्कम घ्यावयाची. मूळ काम एका ओळीचे. पण ते पायथनमधून हाकारता यावे यासाठी भोवती बरेच लिहावे लागते. पायथनकडून आलेल्या वस्तूंमधून सी भाषेस समजणारे आकडे काढून घेणे, उत्तर पुन्हा पायथनच्या वस्तूत बांधून देणे, चूक झाल्यास ती रीतसर वर कळविणे, कोणकोणती फलने उपलब्ध आहेत याचा तक्ता देणे आणि घटक सुरू करणारे एक आरंभ-फलन ठेवणे, एवढे सारे करावे लागते. त्या तक्त्याची शेवटची ओळ रिकामी ठेवावी लागते, कारण तक्ता कोठे संपला हे तिच्यावरूनच कळते. ती विसरली तर पायथन तक्त्याच्या पलीकडील भलतीच स्मृती वाचू लागतो आणि कार्यक्रम कोसळतो. आरंभ-फलनाचे नाव घटकाच्या नावाशी तंतोतंत जुळावे लागते. एका अक्षराचा फरक पडला तरी घटक उघडत नाही.

हे लेखन प्रत्येक घटकात जवळजवळ सारखेच असते. त्यात बुद्धीपेक्षा दक्षता अधिक लागते, आणि कंटाळलेला माणूस नेमका तेथेच चुकतो. म्हणून हा सांगाडा यंत्रानेच लिहून द्यावा, ही कल्पना पुढे आली.

अशी साधने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार कोरा सांगाडा देणारा. पर्ल भाषेबरोबर मिळणारे ‘एच-टू-एक्सएस’ हे त्याचे जुने उदाहरण. घटकाचे नाव सांगितले की ते एक संपूर्ण निर्देशिका उभी करते. तीत मुख्य फाइल, जोडणीची फाइल, बांधणीच्या सूचना, चाचणीची फाइल, माहितीपत्रक, सारे काही असते. पीएचपी भाषेसाठीही ‘एक्स्ट-स्केल’ या नावाचे असेच साधन आहे. दुसरा प्रकार तयार फलनांची घोषणा वाचून पूर्ण दुवा बांधणारा. डेव्हिड बीझ्ली यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत स्विग लिहिण्यास आरंभ केला आणि १९९६ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. अणुरेणूंच्या हालचालींचे प्रचंड गणित करणाऱ्या आज्ञावली सोप्या भाषेतून चालविता याव्यात, ही त्यामागील निकड होती. फोर्ट्रान या जुन्या शास्त्रीय भाषेसाठी पिअरू पीटरसन यांनी ‘एफ-टू-पाय’ हे साधन केले. आज ते नमपाय या संचाचा भाग आहे.

मित्रहो, आपणांस सात-बाराचा उतारा परिचित आहे. त्याचे रकाने आखलेले असतात. जमिनीचा हक्क कोणाचा आणि पीक कोणते, हे कोठे लिहावयाचे ते ठरलेले असते. पण रकाने नीट आखले म्हणून नोंद खरी ठरत नाही. नोंदीचा खरेपणा ती करणाऱ्यावर अवलंबून असतो. यंत्राने दिलेला सांगाडा हा असाच आखलेला कोरा नमुना आहे.

आता आपल्या कांद्याच्या पट्टीकडे परत येऊ. आपल्याकडे भाव दहा किलोला पुकारतात. समजा, पिशवीचे वजन ५२ किलो आणि भाव दहा किलोला १५० रुपये. रक्कम ७८० रुपये यावयास हवी. विद्यार्थ्याने सांगाड्यातील रिकाम्या जागी सरळ लिहिले, की वजनास दहाने भागा आणि भावाने गुणा. परंतु वजन पूर्णांक म्हणून घोषित केले असेल, तर सी भाषेत ५२ भागिले १० याचे उत्तर ५ येते. अपूर्णांक मुकाट्याने गळून पडतो. पट्टी निघते ७५० रुपयांची. एका पिशवीमागे ३० रुपये गेले. शंभर पिशव्या आणणाऱ्या शेतकऱ्याचे ३,००० रुपये गेले. संगणकाने चुकीची सूचना दिली नाही, कार्यक्रम कोसळला नाही, आणि छापील पट्टी पाहून कोणास शंकाही आली नाही.

यंत्राने दिलेली चाचणी येथे कामास आली नसती काय? नाही. एच-टू-एक्सएसने लिहून दिलेली चाचणी मुख्यतः घटक उघडतो की नाही, एवढेच पाहते. उघडला की चाचणी उत्तीर्ण. त्याच साधनाने घातलेल्या नमुना-माहितीपत्रकात तर एक मिस्कील वाक्य असते. हा मजकूर न बदलता तसाच राहू देण्याइतका लेखक निष्काळजी दिसतो, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. साधन लिहिणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे! कारण असे न बदललेले माहितीपत्रक पुढे प्रसिद्ध झाले, की ते वाक्य लेखकाविरुद्धच साक्ष देते.

भाव दहा किलोचा की क्विंटलचा, हेही यंत्रास समजत नाही. त्यास दिसते ती केवळ एक संख्या. दुसऱ्या बाजारातील क्विंटलचा भाव याच फलनास दिला, तर रक्कम दसपट होईल आणि सांगाडा ती तितक्याच निर्विकारपणे पोहोचवील.

आणखी एक जागा सांगतो. पायथनमधील प्रत्येक वस्तूजवळ तिचे धारक किती, याची मोजणी असते. ती शून्यावर आली की वस्तूची जागा मोकळी होते. सी भाषेतून काम करताना काही वस्तू आपल्या मालकीच्या म्हणून मिळतात, काही केवळ उसन्या. आपली वस्तू सोडावयास विसरलो तर स्मृती अडकून राहते. उसनी वस्तू आपली समजून सोडली, तर दुसऱ्याच्या हातातील वस्तू नाहीशी होते. माझ्या उमेदीच्या दिवसांत मी हाताने लिहिलेल्या एका घटकात पहिल्या प्रकारची चूक होती. पाच मिनिटांच्या तपासणीत ती दिसली नाही. रात्रभर कार्यक्रम चालू ठेवला तेव्हा पहाटे संगणकाची स्मृती संपली आणि रात्रीचे काम वाया गेले. तेव्हापासून, ही वस्तू कोणाची, असा प्रश्न प्रत्येक ओळीस विचारण्याची सवय मी लावून घेतली.

मग सांगाडा हातानेच लिहावा काय? मुळीच नव्हे. २००८ मध्ये पायथनची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा घटक सुरू करण्याची रीतच बदलली. ज्यांचा दुवा यंत्राने बांधलेला होता, त्यांचे हे काम सुधारलेल्या साधनाने तो पुन्हा बांधून पुष्कळसे हलके झाले. ज्यांनी सारे हाताने लिहिले होते, त्यांना फाइलीमागून फाइल दुरुस्त करावी लागली. मात्र एक पथ्य पाळावे. यंत्राने लिहिलेल्या फाइलीत आपले गणित मिसळू नये. ते वेगळ्या फाइलीत ठेवावे. अन्यथा सांगाडा नव्याने बांधताना आपले लेखन पुसले जाते.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही असा सांगाडा क्षणार्धात लिहून देतात. जुनी साधने त्याच घोषणेवरून तोच मजकूर देत, म्हणून त्यांची चूक एकदा सापडली की कायमची सुधारता येई. नव्या साधनांचे उत्तर दर वेळी वेगळे असू शकते, आणि ती रिकामी जागाही रिकामी न ठेवता स्वतःच भरून देतात. त्यामुळे वाचून पाहण्याची जबाबदारी कमी झालेली नाही, उलट वाढली आहे.

आपणांस माझे एवढेच सांगणे आहे. एक लहान फलन घ्या, त्याचा सांगाडा यंत्राकडून करवून घ्या आणि मग ती फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढा. कोणती ओळ कशासाठी आहे, ते एकमेकांना विचारा. चाचणीत, ज्याचे उत्तर आपण कागदावर काढले आहे, असे एक तरी उदाहरण घाला. ५२ किलो, १५० रुपये, उत्तर ७८०. एवढी एक ओळ त्या शेतकऱ्याचे ३,००० रुपये वाचविते.

खोडदच्या दुर्बिणीवर असो वा ओतूरच्या बाजारात, सांगाडा यंत्राने दिला तरी त्यात भरलेल्या प्रत्येक ओळीखाली सही आपलीच असते. ती सही विश्वासाने करता येईल, एवढी विद्या आपण येथे मिळवाल, अशी आशा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.