संतांची मधली वर्षं



राजूरच्या या सभेच्या पत्रिकेवर विषय ‘संतचरित्रे आणि ख्रिस्ती तरुण’ असा छापलाय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आमच्या पोरांना आम्ही संतांचा जन्म सांगतो, चमत्कार सांगतो, मरण सांगतो, सणाची तारीख पाठ करून घेतो. मधली वर्षं मात्र गाळतो. आणि तरुणाच्या कामाची असतात ती तीच.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया घ्या. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ साली पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात एवढं झालं की तास संपतो. पण हा वसईचा पोरगा कोवळ्या वयात येशूसंघीयांबरोबर (जेज्युइटांबरोबर) जपानला गेला होता. तिथली भाषा त्यानं अशी आत्मसात केली की लोकांत बसून धर्म शिकवू लागला. येशूसंघात प्रवेश मागितला, मिळाला नाही. वर्षानुवर्षं वाट पाहिली. शेवटी बाहेर पडला, मकावकडे व्यापारात शिरला, जम बसवला. मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेला, तोही बंधू म्हणून, धर्मगुरू म्हणून नव्हे. १५९३ साली मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ निघालं, तेव्हा दुभाषी म्हणून याच गोन्सालोला बरोबर घेतलं! नकारापूर्वी शिकलेली भाषा नकारानंतर कामी आली.

एका शिबिरात हे सांगितलं, तर भरतीची तयारी करणारा एक मुलगा मागून म्हणाला, “सर, म्हणजे यांचंही यादीत नाव नव्हतं!” (हशा) हसा, पण त्यानंतर तासभर तो मुलगाच प्रश्न विचारत होता.

गोन्सालोंसह त्या दिवशी नागासाकीत क्रुसावर चढवलेले सव्वीस जण होते. त्यांतला तोमास कोझाकी साधारण चौदा वर्षांचा. बाप मिगेल धनुष्यबाण बनवणारा कारागीर. बापलेक दोघेही धरलेले. क्योतोत त्यांतल्या चोवीस जणांच्या डाव्या कानाचे तुकडे कापले आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवलं. वाटेत पोरानं आईला पत्र लिहिलं. आमचं दुःख करू नकोस, आणि दोन धाकट्या भावांना सांभाळ. पत्र घरी पोहोचलंच नाही. बापाच्या मृतदेहावरच्या कपड्यांत ते सापडलं, रक्तानं भिजलेलं. बापानं ते शेवटपर्यंत अंगाशी धरलं होतं. (सभागृहात शांतता) यावर बोलायचं ठरवलं नव्हतं, पण आमच्या वर्गात हे पत्र कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून बोललो.

(श्रोत्यांतून : पोरांना मरायला शिकवायचं का?) नाही. मुळीच नाही! मरणाला टेकलेला पोरगा धाकट्या भावांची व्यवस्था बघतोय, ते दाखवायचंय. इथं धर्मप्रचाराला आलोय असंही कुणी समजू नये. तुमच्याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांचंच घ्या. २ मे १८४८ ला ठाण्यात फाशी गेले, पण तुमच्या घराघरांत गोष्ट सांगतात ती सावकाराशी घेतलेल्या झुंजीची. नुसत्या फाशीची कोण सांगतं? आम्हाला आमच्या संतांची गोष्ट तशी सांगता यायला हवी. हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला आमची पोरं पायी जातात. त्यांच्या पायांत बळ आहे, फक्त वाटेत बोलायला गोष्ट द्या.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. हल्लीचा तरुण संत कार्लो अकुतीस तुमच्या मोबाइलवर येऊन गेलाय, त्याला वगळतो. धन्यवादित राणी मारिया मात्र वगळता येणार नाहीत. केरळच्या या भगिनी मध्य प्रदेशात उदयनगरला आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांना बसमध्ये भोसकलं. मारेकऱ्याला, समंदर सिंगला, त्यांच्या सख्ख्या बहिणीनं तुरुंगात जाऊन राखी बांधली. तो सुटला, राणी मारियांच्या घरचा झाला. पण खुनाआधी वर्षानुवर्षं राणी मारिया काय करत होत्या? पाड्यावर जाऊन बचत शिकवणं, बँकेचे अर्ज भरून देणं. नारायणगावच्या मजूर बाजारात उभ्या राहणाऱ्या या भागातल्या पोरांना अर्ज भरून देणारं माणूस आजही हवंय. आमच्या युवा मंडळानं येत्या जूनपासून इथल्या आठवडे बाजारात टेबल टाकून बसावं, कोणत्याही जातिधर्माच्या माणसाचा अर्ज भरून द्यावा. मी स्वतः बसायला तयार आहे.

आता प्रश्न घेऊ. आधी मागच्या रांगेतल्या पोरांचे.