बाटलीतलं पाणी, नाल्यातलं पाणी



 पाणी तपासणाऱ्यांच्या या परिषदेची अध्यक्ष म्हणून मला बोलायचं आहे ते आमच्या चंद्रपूरच्या नद्यांविषयी.

वर्धा, पैनगंगा, इरई. वढ्याला वर्धा-पैनगंगेच्या संगमावर कार्तिकात जत्रा भरते, माणसं श्रद्धेने पाण्यात उतरतात. याच खोऱ्यात वरोऱ्याला 1870च्या दशकात कोळसा निघू लागला आणि आज घुग्घुस, वणी, राजुरा, बल्लारपूर असा सगळा पट्टा खाणींचा आहे. खुली खाण खोल गेली की चहूबाजूंनी भूजल झिरपतं, वरून पाऊस साचतो. ते पाणी उपसल्याशिवाय कोळशाला हात लावता येत नाही, म्हणून पंप बारा महिने चालतात. उपसलेलं पाणी निवळण टाक्यांतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मे महिन्यात मी अशाच एका नाल्यावर नमुने घ्यायला गेले होते. बाटली तीनदा विसळली, प्रवाहाच्या समोर धरून भरली, सामू जागेवरच मोजला, बर्फाच्या पेटीत ठेवली. सगळं नियमाप्रमाणे. अहवाल आला, सगळे आकडे मर्यादेत. गावात जाऊन तो वाचून दाखवला, तेव्हा नाल्याकाठच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "मॅडम, बाटलीतलं सांगितलं तुम्ही. नाल्यात रोजचं किती येते, ते सांगा ना." माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रवाह मी मोजलाच नव्हता. ती चूक माझी होती, आणि ती आजही मला बोचते.

त्या प्रश्नाचं गणित आता करून दाखवते. नाल्यावर प्रवाह मोजायची नव्वद अंशांची व्ही-खाच बसवलेली आहे आणि खाचेच्या टोकापासून पाणी 20 सेंटीमीटर उंच वाहतं आहे, असं समजा. म्हणजे सेकंदाला साधारण 25 लिटर, दिवसाला 21 लाख लिटर. कोळसा खाणींच्या सांडपाण्यासाठी 2000 साली जी मानकं आली, त्यांत तरंगत्या गाळाची मर्यादा लिटरला 100 मिलिग्रॅम आहे. पाणी अगदी त्या मर्यादेवर असेल, तर एकाही नियमाचा भंग न होता या एका नाल्यातून रोज दोन क्विंटलांहून अधिक गाळ नदीत उतरतो. आणि खाचेवरचं पाणी 20चं 22 सेंटीमीटर झालं, नुसतं एक बोट चढलं, तर प्रवाह सव्वापट होतो. बाटलीतला आकडा मात्र तोच राहतो.

सामूवर आपण फार विसंबतो, हीदेखील माझी तक्रार आहे. मेघालयात जयंतिया टेकड्यांतल्या कोळशात गंधक जास्त. तिथे कोळशातलं पायराइट हे गंधकयुक्त खनिज हवेला आणि पाण्याला लागलं की गंधकाम्ल तयार होतं आणि ओढ्यांचा सामू तीन-चारपर्यंत खाली येतो. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा उदासीनच असतं. सामू साडेसात दिसला की आपण हुश्श करतो. पण त्याच पाण्यात सल्फेट आणि कठीणपणा चढलेला असू शकतो. तो बघायचा तर विद्युतवाहकता मोजायला हवी. खिशात मावणारं यंत्र आहे, पाण्यात धरलं की मिनिटभरात आकडा येतो. खाणीचं पाणी मिळतं त्याच्या वरच्या अंगाला एकदा आणि खालच्या अंगाला एकदा धरा. दोन आकड्यांतला फरक पुष्कळ काही सांगून जातो.

वेळ हाही मोठा प्रश्न आहे. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते आणि काही नाल्यांत तर उपशाखेरीज दुसरं पाणीच नसतं. त्याच पाण्यावर कुणाचे भाजीचे वाफे जगतात. पंप बंद करू नका, असं सांगायला शेतकरी येतात, तेव्हा त्यांना आपण कोणत्या तोंडाने खाणीच्या पाण्याला सरसकट विष म्हणायचं? त्यांना हवं आहे ते खात्रीचं पाणी, आणि ती खात्री मोजूनच देता येते. पावसाळ्यात चित्र उलटं. इरईकाठच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर पहिला जोराचा पाऊस पडला की तासाभरात पाणी चहासारखं होतं आणि संध्याकाळपर्यंत निवळूही लागतं. पंधरवड्यातून एकदा भरलेल्या बाटलीत तो तास कधी सापडणार?

म्हणून या परिषदेने तीन गोष्टींचा ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक विसर्गाच्या तोंडाशी खाच आणि मोजपट्टी असावी. प्रवाहाची नोंद नसलेला नमुना अपुरा मानावा. आणि नोंदवही ग्रामपंचायतीत राहावी, शाळेतल्या मुलीलाही मोजपट्टी वाचून आकडा लिहिता यावा अशा सोप्या रकान्यांची.

प्रवाह प्रत्यक्ष मोजून बघायला उद्या सकाळी सहा वाजता बस निघेल. ज्या नाल्यावर आपण जाणार आहोत तिथे अजून खाच नाही. तेव्हा दहा मीटरचा सरळ पट्टा आखून त्यात लिंबू सोडायचं आणि घड्याळ लावायचं. पृष्ठभागाचा वेग हाती आला की त्याला 0.85ने गुणायचं, रुंदी आणि खोली काठीने मोजू. गुडघाभर पाण्यात उतरावं लागेल, तशा तयारीने या.