काटाही आपला, ऊसही आपला

कानात हेडफोन घालून बसमध्ये, मेसवर, नाहीतर रानात मोटर चालू करून बसलेल्या सगळ्यांना राम राम. आजच्या एपिसोडमध्ये पाहुणा कुणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे गोल्फ. थांबा, लगेच पुढं ढकलू नका. गोल्फमधलं काहीही माहीत नसलं तरी चालेल. मला एका खोट्या आकड्याबद्दल बोलायचंय.

मी मूळचा भवानीनगरचा. बारामतीहून इंदापूरकडं जाताना छत्रपती कारखान्याची चिमणी दिसते, तेच आमचं गाव. घरी ऊस. शिकलो बारामतीला आणि नोकरीला लागलो पुण्यात, खराडीला. चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या टीमला एका ड्रायव्हिंग रेंजवर नेलं होतं. पहिले वीस फटके हवेत गेले. एकविसावा असा बसला की हाताला काही लागल्याचंच जाणवलं नाही आणि चेंडू दूर जाऊन पडला. त्या एका फटक्यानं मी अडकलो. जुने वापरलेले क्लब घेतले आणि महिन्यातून दोन-तीनदा खेळायला लागलो.

गावाकडं सांगितलं तर लोक हसायचे. 'श्रीमंतांचा खेळ' म्हणायचे. महाग आहेच, खोटं कशाला बोलू. पण आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळला आणि अदिती अशोक तिथंच चौथी आली, तेव्हा निदान टीव्हीवर तरी हा खेळ आपल्या घरात शिरला.

थोडक्यात खेळ सांगतो. अठरा होल असतात. प्रत्येक होलला चेंडू एका भोकात घालायचा. भोक सव्वाचार इंच रुंद, म्हणजे साधारण चहाच्या बशीपेक्षाही लहान. चांगल्या खेळाडूला अठरा होलला मिळून बहुतेक ठिकाणी 72 फटके लागावेत असं धरतात, त्याला पार म्हणतात. जो कमी फटके मारतो तो जिंकतो. माझ्यासारख्या हौशी माणसाला शंभराच्या आत येणं म्हणजे पास होणं आणि नव्वदच्या आत येणं म्हणजे डिस्टिंक्शन. माझा सगळ्यात चांगला आकडा होता 92.

आणि मग घसरगुंडी सुरू झाली. मागच्या वर्षी फेब्रुवारीत 99. मग 103, 106, 109. जूनपर्यंत मी असा खेळत होतो की पहिल्या वर्षी बरा होतो. मग माणूस जे करतो तेच मी केलं, यूट्यूब उघडलं. रात्री एक-एक वाजेपर्यंत ड्रायव्हरचे व्हिडिओ. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब. एक जण सांगायचा मनगट असं वळवा, दुसरा सांगायचा अजिबात वळवू नका. कोर्सवर उभा राहिलो की डोक्यात चार माणसं एकदम बोलायची.

पण खरी गोष्ट ही नाहीये. खरी गोष्ट अशी की मी खोटं मोजायला लागलो होतो.

गोल्फमध्ये अंपायर नसतो. म्हणजे मोठ्या स्पर्धेत रेफरी असतात, पण आपल्या रविवारच्या खेळात आपले फटके आपणच मोजायचे. झाडीत दोनदा मारलं तर एकदा धरायचं. फूटभर राहिलेला चेंडू उचलायचा आणि 'गेलाच असता' म्हणायचं. 109 चे 104 व्हायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी कुठं पैज लावली होती?

दिवाळीत घरी गेलो. कारखान्याचा बॉयलर नुकताच पेटला होता, ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागल्या होत्या. संध्याकाळी ओट्यावर अण्णांनी सहज विचारलं, "काय म्हणतोय तुझा खेळ? किती मारलं परवा?"

मी म्हटलं, "एकशेचार."

"लई मारलं की कमी मारलं?"

"जास्तच म्हणायचं. कमी मारणारा जिंकतो."

"आन् मोजतं कोण?"

"ज्याचं त्यानंच."

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग हसले आणि म्हणाले, "म्हंजी काटाबी तुझा, आन् ऊसबी तुझा?"

आता हे वाक्य ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. वर्षभर राबायचं, रात्री-अपरात्री लाइट आली की दारं धरायला जायचं, आणि सगळ्याचा हिशोब शेवटी एका काट्यावरच्या आकड्यात. आमच्याकडं काट्याला फार मान आहे. अण्णांनी गंमत केली होती, त्यांना माझं काही माहीत नव्हतं. पण मला रात्री झोप लागली नाही. कारण परवाचा खरा आकडा 109 होता, आणि मी तो बापालाही खोटा सांगितला होता. ज्या माणसाला पार म्हणजे काय हेही माहीत नाही त्याच्यापुढं मी पाच फटके लपवले. का? कुणाला दाखवण्यासाठी?

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता सगळं मोजायचं. पुण्यात येऊन पुढच्या खेळाला प्रत्येक होलनंतर मोबाइलच्या नोट्समध्ये लिहीत गेलो. किती फटके, त्यात ग्रीनवर किती, दंडाचे किती. एकूण झाले 112. आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रामाणिक आकडा. लाज वाटली. पण मग खाली बघितलं. ग्रीनवर, म्हणजे भोकाजवळच्या गुळगुळीत गवतावर, हळूच ढकलायचे फटके 43. दंडाचे 7. ग्रीनजवळून उचलून मारताना वाया घालवलेले 9. बेरीज करा. 112 मधले 59.

म्हणजे सहा महिने मी रात्र-रात्र ज्या ड्रायव्हरचे व्हिडिओ बघत होतो, तो क्लब अख्ख्या खेळात जास्तीत जास्त चौदा वेळा हातात येतो. रोग पायाला आणि मलम डोक्याला! आणि हे कळलं नाही, कारण जे फटके मी लपवत होतो तेच नेमके रोगाचे होते. झाडीतला दुसरा फटका, ग्रीनवरचा तिसरा. मी पुरावाच पुसत होतो.

अजून एक गंमत. गोल्फमध्ये हँडिकॅप नावाचा आकडा असतो. 2020 पासून जगभर एकच पद्धत आहे. तुमच्या शेवटच्या 20 खेळांपैकी सगळ्यात चांगल्या 8 खेळांवरून तो काढतात. कच्च्या खेळाडूला त्यानुसार फटक्यांची सूट मिळते. म्हणजे मी कमी फटके सांगून स्वतःचीच सूट कमी करून घेत होतो. पण मला त्यातलं दुसरंच आवडलं. वीसपैकी बारा खेळ वाईट जाणार हे या पद्धतीनं आधीच धरलेलं आहे! बारा वेळा पडा, हरकत नाही, फक्त लिहून ठेवा.

मग मी व्हिडिओ बंद केले. शनिवार-रविवार गावी गेलो की अंगणात घमेलं ठेवायचं, पंधरा पावलांवर उभं राहायचं आणि चेंडू त्यात टाकायचा. आई ओरडायची, "आरं, म्हशीला लागंल!" पुण्यात खोलीत सतरंजीवर पाण्याचा ग्लास आडवा ठेवून पटिंग. रोज शंभर. कंटाळवाणं काम आहे, रील होत नाही त्याची.

डिसेंबरमध्ये 104. खरे 104. मग 101, मग 97.

आणि जानेवारीचा शेवटचा रविवार. सकाळी धुकं, गवतावर दव, बोटं गारठलेली. पहिल्या नऊ होलला 44. मला वाटलं चुकून झालं असेल, पुन्हा मोजलं. 44 च. पुढंही काही भारी घडत नव्हतं. एक फटका जास्त, एक फटका जास्त, पण होल फुटत नव्हता. सोळा होल संपले तेव्हा बेरीज 78. राहिलेल्या दोन होलमध्ये अकरा फटके लागले तर 89. नव्वदच्या आत, पहिल्यांदाच.

सतराव्याला माझा पहिला फटका उजवीकडं उंच गवतात गेला. बरोबरचे दोघं पलीकडं होते. मी चेंडूमागं क्लब टेकवला, गवत दबलं आणि चेंडू अर्धा गरगरला. अर्धा. त्यावरचं नाव वर होतं, ते बाजूला गेलं. एवढंच. नियम असा की तिथं तुमच्यामुळं चेंडू हलला तर एक फटका दंड आणि चेंडू जागेवर ठेवायचा. कुणी बघितलं नव्हतं.

खरं सांगतो, मी तीन-चार सेकंद तसाच उभा राहिलो. मोठे विचार वगैरे काही आले नाहीत. फक्त ओटा आठवला. मग हात वर करून हाक मारली, "चेंडू हलला, एक धरा."

अमेरिकेत बॉबी जोन्स म्हणून खेळाडू होऊन गेला. जन्मभर हौशीच राहिला, पैशासाठी खेळला नाही. 1925 च्या यूएस ओपनमध्ये त्यानं असाच, कुणाला न दिसलेला फटका स्वतःवर लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. मी काही बॉबी जोन्स नाही. त्याचं विजेतेपद गेलं, माझं काय जाणार होतं? पण आपापल्या मापानं जाणारी वस्तू मोठीच असते.

सतराव्याला सहा झाले. अठराव्याला चार फटक्यांत ग्रीनवर. पहिलाच पट पडला असता तर अजूनही 89. चेंडू भोकाच्या कडेला लागला, वळला आणि वीतभर पुढं जाऊन थांबला. तो मी उचलला नाही, मारून आत घातला. 90.

रॉरी मॅकिलरॉयनं 2014 नंतर पुढची मोठी स्पर्धा जिंकली ती 2025 मध्ये, मास्टर्स. अकरा वर्षं. जिंकल्यावर तो गुडघ्यावर बसून रडला. मी रडलो नाही, पोहे खाल्ले. पण गेल्या वर्षभरात इतका शांत मी कधी नव्हतो. तो नव्वदचा कागद माझ्याकडं आहे. त्यातला प्रत्येक फटका मला आठवतो, आणि प्रत्येक माझा आहे.

दुपारी घरी फोन केला. म्हटलं, "अण्णा, नव्वद."

"मागच्यापरीस बरं हाय का?"

"सगळ्यात बरं."

"काटा बरोबर हुता न्हवं?"

"होता."

"मग झालं. हिकडं टोळी आलीय तोडीला, ठेवू का?"

तर मंडळी, गोल्फ खेळा असं मी म्हणत नाही. पण अभ्यासाचे तास असोत, जिम असो, महिन्याचा खर्च असो नाहीतर स्क्रीन टाइम असो, तुम्ही मनातल्या मनात कुठं पाच फटके लपवताय का, ते एकदा बघा. एक आठवडा खरं मोजा. कुणाला दाखवू नका. आकडा घाण येईल, माझाही 112 आला होता. पण कुठं गळतंय ते त्यातच लिहिलेलं असतं.

पुढच्या रविवारी पुन्हा खेळायला जातोय. कदाचित 105 होतील. झाले तर 105 च सांगेन. चला, काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.