देवडीवरचा पहारा

संगणकावर चालणारा प्रोग्रॅम डिस्कवरील फाईल स्वतःच्या हातानें उघडीत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. "अमुक नांवाची फाईल उघडून मिळावी," असा अर्ज त्याला कर्नलकडे करावा लागतो. त्यास सिस्टिम कॉल म्हणतात. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं हेलसिंकी येथें प्रसिद्ध केलेल्या लिनक्सच्या कर्नलचाही शिरस्ता हाच.

हा अर्ज वाटेंत अडवून तपासावा, प्रसंगीं नाकारावा, अशी गरज उपद्रवी प्रोग्रॅमांचा बंदोबस्त करणाऱ्यांस नित्य पडते. मग पहारेकरी उभा कोठें करावा?

सोपी जागा म्हणजे अर्ज लिहिणाऱ्या कारकुनाची. बहुतेक प्रोग्रॅम आपले अर्ज सी भाषेच्या सामायिक लायब्ररीकडून लिहवून घेतात. 'एल्-डी-प्रीलोड' या सोयीनें तिच्याआधीं आपली लायब्ररी पुढें करतां येते. पण जो प्रोग्रॅम लायब्ररी पोटांत बांधूनच येतो, किंवा अर्ज स्वतः लिहितो, तो या पहाऱ्यास वळसा घालून सरळ निघून जातो. भल्या माणसास अडविणारा आणि चोरास मोकळा सोडणारा असा हा पहारा!

'पी-ट्रेस' याहून कडक. तो प्रत्येक अर्ज जातांना आणि उत्तर परततांना प्रोग्रॅमला थांबवितो. अर्थात् काम फार मंदावतें. शिवाय एक फट राहतेच. फाईलीचें नांव प्रोग्रॅमच्या स्वतःच्याच स्मृतींत असतें. पहारेकऱ्यानें तें वाचलें आणि कर्नलनें पुन्हां वाचलें, या दोहोंच्या मधल्या क्षणांत त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड नांव पुसून भलतेंच लिहून ठेवूं शकतो. अर्ज बाहेरून तपासणाऱ्या रचना अशा रीतीनें फसतात, हें रॉबर्ट वॉटसन यांनीं २००७ सालीं प्रयोगानें दाखवून दिलें.

तेव्हां तपासणी नांवाची नको, वस्तूची हवी. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या कर्नलांत 'लिनक्स सिक्युरिटी मॉड्यूल्स' ही व्यवस्था आली. तिच्या बहुतेक चौक्या नांवावरून फाईलीचा शोध लागल्यानंतर बसतात. त्यापुढचा 'फॅनोटिफाय' २०११ च्या आरंभीं २.६.३७ मध्यें चालू झाला. त्यांत बाहेरच्या पहारेकऱ्यास ती फाईलच उघडून हातीं दिली जाते, आणि त्याचा होकार येईपर्यंत मागणारा प्रोग्रॅम खोळंबून राहतो. पहारेकरी मरून पडला तर कर्नल वाट मोकळी करतें. पण तो नुसताच गुंगला, तर फाईल मागणारे सगळे देवडीवर ताटकळत उभे राहतात.