हात वर करणाऱ्या बायका

हातातलं काम चालू राहू द्या, ऐकता ऐकता होईल.

आज आधी आमच्याच गटाची फजिती सांगतो. आम्ही बारा जणी. अध्यक्ष आमच्या आक्का, नऊ वर्षं त्याच. हिशेब चोख, बँकेत वट, बोलायला खणखणीत. दरवर्षी निवड यायची आणि आम्ही म्हणायचो, "आक्काच राहू द्या, आम्हाला काय कळतंय?" मागच्या वर्षी आक्का लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. दोन महिने. पहिल्या सोमवारी आम्ही जमलो, चहा प्यालो, उठलो. दुसऱ्या सोमवारी चारच जणी आल्या. वही आक्कांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या पिशवीत. खरिपाच्या तोंडावर दोघींना बियाण्यासाठी पैसे हवे होते. गटाच्या खात्यात पैसे होते, पण काढायला सही आक्कांची. एकीने शेवटी सावकाराकडून उचलले. ते अजून फिटतायत.

बरं, आम्ही काही अडाणी नव्हतो. नेतृत्व विकासाचं प्रशिक्षण घेतलेलं होतं! तालुक्याला, दोन दिवस. पडद्यावर चित्रं दाखवली, नेत्याचे गुण लिहून घेतले, जेवण बरं होतं, एक पिशवी मिळाली. पिशवी अजून वापरात आहे. गुण मात्र वहीतच राहिले.

आमच्या केंद्रावर मानसशास्त्र शिकलेल्या एक ताई येतात. त्यांच्यापुढे हे रडगाणं गायलं, तेव्हा त्यांनी कुर्ट लेविन या माणसाची गोष्ट सांगितली. आम्हाला ती इतकी आपली वाटली की आजचं भाषण तिच्यावरच करायचं ठरवलं.

लेविन १८९० साली मोगिल्नो नावाच्या गावात जन्मला. तेव्हा तो मुलूख जर्मनांचा होता, आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू, वडिलांचं छोटं दुकान आणि थोडी शेती. पुढे तो बर्लिनला मानसशास्त्र शिकवू लागला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यूंना देश सोडायची वेळ आली. लेविन अमेरिकेला गेला. त्याची आई मागे राहिली, ती नाझींच्या छळात गेली. एका माणसाच्या हुकमावर अख्खा देश कसा चालतो आणि कुठे जातो, हे त्याने जवळून पाहिलं होतं. त्यामुळे पुढारी कसा असावा हा त्याच्यासाठी नुसता पुस्तकी प्रश्न नव्हता.

अमेरिकेत आयोवा नावाच्या शेतीच्या राज्यात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले. मुलं मुखवटे वगैरे बनवायची. कुठे मोठा माणूस सगळं स्वतः ठरवायचा, "हे कर, ते कर." कुठे मुलांना विचारून ठरायचं. कुठे मोठा माणूस नुसता बसून असायचा. हुकमाच्या गटात कामाचा उरक चांगला होता. पण तो मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं. विचारून ठरवलेल्या गटात तो गेला तरी काम चालू राहायचं. हे ऐकल्यावर आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आम्हाला पुणं आठवलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती स्वयंपाकघरातली आहे.

दुसरं महायुद्ध चालू होतं. चांगलं मांस सैन्याला लागायचं, म्हणून घरोघरी बायकांनी जनावराचं हृदय, गुरदे असलं मांस शिजवावं अशी सरकारची इच्छा. आपल्याकडे मांस खाणारे वजडी, काळीज आवडीने खातात. तिकडे मात्र बायका नाक मुरडायच्या. (ज्या गटांत माळकरी बाया आहेत त्यांनी आज माफ करावं.) लेविनने एक गोष्ट हेरली. घरात काय शिजणार हे बाई ठरवते. अन्न ताटापर्यंत येतं त्या वाटेवरची राखणदार ती. तेव्हा तिच्याशीच बोलायला हवं. पण कसं?

त्याने बायकांचे सहा गट घेतले, एकेका गटात तेरा ते सतरा जणी. तीन गटांना छान भाषण दिलं: जीवनसत्त्वं किती, देशाचा फायदा काय, पाककृतीचे छापील कागद हातात. बाकीच्या तीन गटांत थोडकं बोलून प्रश्न टाकला की तुमच्यासारख्या बायकांना हे करायचं झालं तर अडचण काय येईल? बायका बोलू लागल्या. नवरा खाणार नाही. शिजताना वास येतो. मग त्यावर तोडगे निघाले, पाककृती त्यांनाही मिळाल्या. शेवटी विचारलं, येत्या आठवड्यात कोण करून बघणार? हात वर करा. वेळ दोन्हीकडे सारखाच, पाऊण तास.

नंतर घरोघरी चौकशी केली. भाषण ऐकलेल्यांपैकी शंभरात ३ जणींनी नवा पदार्थ केला. चर्चा करून हात वर केलेल्यांपैकी शंभरात ३२ जणींनी.

त्या चर्चेच्या गटांना नंतर चौकशी होणार हे आधी माहीत होतं, त्याचाही थोडा परिणाम असू शकतो. म्हणून मग वेगळ्या तऱ्हेनेही करून पाहिलं. पहिलटकरणी, शेतकरी घरांतल्या, दवाखान्यातून घरी निघालेल्या. बाळाला माशाच्या तेलाचा आणि संत्र्याच्या रसाचा डोस द्यायचा. काहींना एकेकटीला वीस-पंचवीस मिनिटं समजावलं. काहींना सहा-सहा जणींत बसवून तेवढाच वेळ बोलू दिलं. त्या एकमेकींना ओळखतही नव्हत्या. तरी सहा जणींत बोललेल्यांनी सांगितलेलं जास्त पाळलं.

१९४६ च्या उन्हाळ्यात लेविनने अमेरिकेतल्याच कनेक्टिकट राज्यात कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण घेतलं. रात्री शिकवणारे बसून, कोण दिवसभर कसं वागलं याची चर्चा करायचे. काही शिकायला आलेल्यांनी विचारलं, आम्ही येऊन बसू का? लेविन म्हणाला, या. एका बाईबद्दल निरीक्षकाने काही सांगितलं, तशी ती म्हणाली, तसं नव्हतं, माझ्या बाजूने असं होतं. दुसरा कोणी असता तर रागावला असता. लेविनला मात्र सापडलं की शिकणारा आपल्याच वागण्याबद्दल बोलतो तेव्हा खरं शिकतो. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला, छप्पन्न वर्षांचा होता. पण १९४७ च्या उन्हाळ्यात त्याच्या सहकाऱ्यांनी बेथेल नावाच्या गावात या पद्धतीच्या शिबिरांना सुरुवात केली, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली.

मग आम्ही काय केलं? एका सोमवारी प्रश्न टाकला: बँकेत जायला तुला काय अडतं? पहिली पाच मिनिटं सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, स्लिप भरताना हात थरथरतो. दुसरी म्हणाली, त्या वेळी नळाला पाणी येतं. तिसरी म्हणाली, सासूबाई विचारतात, तूच कशाला? चौथीला काउंटरवरच्या साहेबांची भीती. पाण्याचं शेजारणीने अंगावर घेतलं. स्लिपा आणून घरीच गिरवल्या. सासूबाईंकडे दोघी जाऊन बसल्या. मग विचारलं, या महिन्यात कोण जाईल? सात हात वर झाले. पाच जणी गेल्या. दोघींनी का गेलो नाही तेही बैठकीत सांगितलं, आणि कोणी त्यांना टोचून बोललं नाही.

बैठक चालवायची आता पाळी लावलीय. वही फिरती आहे. सही बदलायचा ठराव करून त्याची प्रत बँकेत दिलीय.

हे सगळं सोपं झालं असं समजू नका. आक्का परत आल्या, वही दुसरीच्या मांडीवर पाहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे मला काढलंत तर." त्या दिवशी त्या चहा न घेता गेल्या. आम्हालाही वाईट वाटलं. नऊ वर्षं त्यांनी एकटीने ओढलं होतं, आणि एकटीने ओढावं हे आम्हीच त्यांच्यावर टाकलं होतं. दोन बैठका त्या आल्या नाहीत. तिसऱ्या वेळी आम्ही सगळ्या त्यांच्या ओट्यावरच बैठक घेतली. त्यांना विचारलं, आक्का, तुम्हाला काय अडतं? बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "दुसरी चुकत लिहीत असली की माझ्याने बघवत नाही."

आता त्या लिहिणारीच्या शेजारी बसतात. कधी कधी पेन हिसकावतात, मग हसून परत देतात. तीन जणींनी अजून हात वर केलेला नाही. त्यांना काय अडतं, ते येत्या सोमवारी विचारणार आहोत.