गुपिताचे राखणदार

युद्ध सुरू झाले की प्रत्येक सरकार जनतेकडे निष्ठा मागते आणि त्याच दमात मौनही मागते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारने हेच केले. लोकशाहीच्या रक्षणाचे युद्ध म्हणून ते चालले होते, आणि येथे भारत संरक्षण नियमांखाली वृत्तपत्रांची तोंडे बांधली गेली होती. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे पुढारी गजाआड गेले. त्यानंतर आष्टी-चिमूरला काय घडले, जमशेदपूरचे कामगार का संपावर गेले, हे उघडपणे छापणे दुरापास्त झाले. शत्रूपासून लपविण्याजोगे त्यात काय होते? ते लपवायचे होते येथल्याच जनतेपासून.

अशा वेळी मुंबईत ऑगस्टच्या अखेरीस एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. ४२.३४ मीटरवर ऐकू येणारे हे काँग्रेस रेडिओ केंद्र आपण हिंदुस्थानात कोठेतरी आहोत, एवढेच श्रोत्यांना सांगत असे. ते चालविणाऱ्यांत बावीस वर्षांच्या, शिक्षण सोडून चळवळीत उतरलेल्या उषा मेहता होत्या. त्यांचे वडील सरकारी न्यायाधीश होते. म्हणजे निष्ठेचा प्रश्न घराच्या उंबरठ्यावरच उभा होता. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास व चंद्रकांत झवेरी हे सोबती होते. डॉ. राममनोहर लोहिया यांचा या केंद्राशी निकटचा संबंध होता. अच्युतराव पटवर्धनांचेही साहाय्य होते. बातम्या आणि भाषणे इंग्रजीत व हिंदुस्थानीत होत.

पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढीत फिरत. म्हणून ट्रान्समीटर एका जागी फार दिवस ठेवता येत नसे. चौपाटी, लॅबर्नम रोड, वाळकेश्वर, गिरगाव, अखेर महालक्ष्मीजवळचा पॅराडाइज बंगला, असे त्याचे बिऱ्हाड हलत राहिले. प्रत्येक नव्या जागेबरोबर गुपित जाणणारे आणखी काही जण वाढत, आणि तितकाच धोकाही वाढे. अडीच महिने ते टिकले याचे श्रेय भाषणे करणाऱ्यांइतकेच जागा देणाऱ्यांना, सामान पोचविणाऱ्यांना आणि काहीच न विचारणाऱ्यांना आहे. इतिहासात त्यांची नावे सापडत नाहीत. राखणदारीचे काम बहुधा असेच असते.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते फुटले. केंद्राशी संबंध आलेल्या एका तंत्रज्ञाने पोलिसांना वाट दाखविली. बंद दारे फोडून पोलिस आत शिरले. पुढे महिनोन्महिने चौकशी चालली. सहकाऱ्यांचा विश्वासघात केल्यास परदेशी शिक्षणाची सोय करू, असे आमिषही आपणास दाखविण्यात आले, असे उषाताईंनी नंतर सांगितले. त्या बोलल्या नाहीत. खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, ती त्यांनी येरवड्यास भोगली व १९४६ मध्ये त्या सुटल्या. लोहिया त्या वेळी पोलिसांच्या हाती लागले नाहीत. त्यांना अटक झाली ती मे १९४४ मध्ये.

येथे एक अवघड गोष्ट टाळता येणार नाही. या लढ्यात गुप्तता हे पाप आहे, असे गांधीजींनी ८ ऑगस्टला गवालिया टँकवर स्पष्ट बजावले होते. ज्या लॅबर्नम रोडवर मणिभवनात ते पूर्वी उतरत, त्याच रस्त्यावर काही आठवड्यांनी हे चोरटे यंत्र बोलू लागले! १९४४ च्या मे महिन्यात सुटका झाल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. अरुणा असफअलींना तसे पत्रही लिहिले. अरुणाताईंनी पत्राचा मान राखला, सल्ला मात्र मानला नाही. १९४६ मध्ये वॉरंट मागे घेतले जाईपर्यंत त्या भूमिगतच राहिल्या. अच्युतराव तर कधी सापडलेच नाहीत.

समाजवाद्यांनी या प्रसंगी अरुणाताईंची बाजू घेतली, आणि ती योग्यच होती. परंतु गांधीजींची शंका निव्वळ भाबडी ठरवून बाजूला सारता येत नाही. लपून काम करणाऱ्या मंडळात निर्णय दोघे-तिघे घेतात, बाकीचे पाळतात. संकट टळल्यावरही ती सवय सुटत नाही. काँग्रेस रेडिओला हा दोष फारसा लागला नाही, कारण तेथे लपविले जात होते ते फक्त ठिकाण आणि माणसे. जे कळत होते ते रोज संध्याकाळी साऱ्या देशाला सांगितले जात होते. सरकारचा व्यवहार नेमका याच्या उलट होता.

स्वराज्यातही हा उलटा व्यवहार सर्वस्वी संपला नाही. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा अजून अंमलात आहे. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची लष्कराने केलेली हेंडरसन ब्रुक्स-भगत चौकशी १९६३ मध्ये पुरी झाली. २०१४ मध्ये तिचा मोठा भाग एका परदेशी पत्रकाराने उघड केला, सरकारने मात्र ती कधी अधिकृतपणे प्रसिद्ध केली नाही. साठ वर्षांपूर्वीच्या मोर्चेबांधणीतून आज शत्रूला काय लाभणार, हे विचारण्याची सोय नाही.

काँग्रेस रेडिओवर काय बोलले गेले, ते आज वाचावयास मिळते. प्रक्षेपण ऐकून ते शब्दशः टिपून घेण्यासाठी सरकारने माणसे बसविली होती. खटल्यासाठी म्हणून त्यांनी ती टिपणे जपून ठेवली. २०२१ मध्ये उषा ठक्कर यांच्या ग्रंथातून ती वाचकांपुढे आली.