मोठ्या इस्पितळाची परीक्षा

मोठ्या इस्पितळाची कीर्ति बहुधा त्याच्या इमारतीवरून, यंत्रसामग्रीवरून आणि तेथील नामांकित डॉक्टरांवरून ठरत असते. खाटा किती, शस्त्रक्रियागृहें किती, नवें यंत्र कोठून आणलें, हें शहरांतील सुशिक्षित माणसास तोंडपाठ असतें. परंतु आजाऱ्याच्या दृष्टीनें खरा प्रश्न निराळाच आहे. सोमवारीं आलेल्या रोग्याची जी शुश्रूषा होते, तीच मंगळवारीं आलेल्याची होते काय? दिवसा जें लक्ष पुरविलें जातें, तेंच मध्यरात्रीं पुरविलें जातें काय? या प्रश्नाचें महत्त्व व्हिएन्ना येथील एका इस्पितळाच्या इतिहासांत फार स्पष्ट दिसून येतें.

व्हिएन्नाचें सार्वजनिक इस्पितळ सम्राट् दुसरा जोसेफ यानें १७८४ सालीं उघडलें. पुढील शतकांत तेथील सूतिकागृहाचे दोन विभाग झाले. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. स्त्रियांना दाखल करून घेण्याचे वार दोन्ही विभागांना आळीपाळीनें वाटून दिलेले असल्यामुळें, कोणती स्त्री कोठें जाईल हें केवळ वारावर ठरे. १८४६ सालीं पहिल्या विभागांत ४०१० प्रसूति झाल्या आणि ४५९ माता दगावल्या. दुसऱ्यांत ३७५४ प्रसूतींत १०५ दगावल्या. एकीकडे शेंकडा अकराहून अधिक, तर दुसरीकडे शेंकडा तिनाहूनहि कमी!

हा भेद गांवांतील गरीब बायकांना पुरता ठाऊक होता. आज पहिल्या विभागाचा वार आहे असें कळलें म्हणजे त्या गुडघे टेकून दुसऱ्या विभागांत घेण्याची विनवणी करीत. वरिष्ठ मंडळी मात्र कधीं हवेला, कधीं गर्दीला, तर कधीं बायकांच्या भित्रेपणाला दोष देऊन मोकळी होत.

१८४६ सालीं इग्नाट्स सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर पहिल्या विभागांत सहायक म्हणून रुजू झाला. त्यानें एकेक कारण पारखून पाहिलें. दोन्हीकडे हवा एकच होती; आणि गर्दी तर दुसऱ्याच विभागांत अधिक होती, कारण पहिला टाळण्यासाठीं बायका तिकडे धांव घेत. १८४७ सालीं त्याचे स्नेही अध्यापक कोलेच्का यांच्या बोटास शवविच्छेदनाच्या वेळीं सुरी लागली व त्यांतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या देहांत सूतिकाज्वरासारखींच चिन्हें आढळलीं, तेव्हां सेमेलवाइसला उलगडा झाला. अध्यापक आणि विद्यार्थी शवागारांतून थेट प्रसूतीच्या खाटेपाशीं येत. शिकाऊ सुइणी शवविच्छेदन करीत नसत. त्या वर्षाच्या मे महिन्यापासून त्यानें प्रत्येकास ब्लीचिंग पावडरसारख्या द्रव्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घालून दिला. १८४८ सालीं पहिल्या विभागांतील मातांच्या मृत्यूचें प्रमाण शेंकडा १.२७ झालें, दुसऱ्यांत तें १.३३ होतें. वारावार ठरणारें मरण थांबलें.

यासाठीं नवी इमारत बांधावी लागली नाहीं. दाराशीं एक घंगाळ आणि सर्वांना सारखा लागू होणारा एक नियम, एवढेंच पुरलें. तरीहि आपल्याच हातांनीं रोग पोंचतो, ही गोष्ट अनेक थोर वैद्यांच्या पचनीं पडेना. १८४९ सालीं सेमेलवाइसच्या नेमणुकीची मुदत संपली ती वाढवून मिळाली नाहीं.

मुंबईस जमशेटजी जिजीभाई इस्पितळ सुरू झालें तें १८४५ सालीं, म्हणजे व्हिएन्नांत हा अनर्थ चालू असतांनाच. पुण्याचें ससून इस्पितळ १८६७ सालीं उभें राहिलें. लिस्टरनें आपली जंतुनाशक शस्त्रक्रियापद्धति त्याच वर्षीं जगापुढें मांडली. १९२६ सालीं परळ येथें के. ई. एम. इस्पितळ निघालें. अशा इस्पितळांकडे दूरदूरच्या तालुक्यांतून रोगी येतात. एका परिचारिकेस किती खाटा संभाळाव्या लागतात, हें पाहिलें म्हणजे गर्दीची अडचण खरी आहे हें कोणीहि मान्य करील. मनुष्यबळ वाढविणें हें सरकारचें व नगरसंस्थांचें कर्तव्यच आहे. परंतु प्रत्येक उणीव गर्दीच्या खातीं टाकतां येत नाहीं. व्हिएन्नांत अधिक गर्दीचा विभागच अधिक सुरक्षित होता.

अगदीं अलीकडचें उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर वाचून दाखवावयाची एक लहानशी यादी जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं प्रसृत केली. रोगी तोच ना, अवयव तोच ना, सर्व उपकरणें मोजून परत मिळालीं ना, असे साधे प्रश्न तींत आहेत. दिल्लीसह जगांतील आठ शहरांतील आठ इस्पितळांत ती वापरून पाहण्यांत आली. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर उतरलें. या आठांत श्रीमंत देशांतलीं इस्पितळें होतीं, तशीं गरीब देशांतलींहि होतीं.

तेव्हां एखाद्या मोठ्या इस्पितळाची पारख करावयाची असेल तर नजर जरा खालीं आणावी. दोन खाटांच्या मध्यें हात धुण्याची सोय आहे काय, आणि मोठे डॉक्टरहि ती वापरतात काय? पाळी बदलतांना एक परिचारिका दुसरीस प्रत्येक रोग्याची हकीकत सांगून जाते काय? रात्रीं दोन वाजतां नातेवाइकांच्या प्रश्नास उत्तर देणारें कोणी जबाबदार माणूस असतें काय? निरनिराळ्या विभागांतील मृत्यूंचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून कोणी पाहतो काय? आणि खेड्यांतून आलेली एखादी म्हातारी कांहीं सांगूं लागली, तर तिचें बोलणें पुरतें ऐकून घेतलें जातें काय?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. कारण गुडघे टेकून विनवणाऱ्या त्या बायका जें सांगत होत्या, तें अक्षरशः खरें होतें. आणि तें खरें मानून कारण शोधणारा माणूस मिळेपर्यंत पहिल्या विभागांत शेंकडों माता दगावल्या होत्या.